तोरणमाळ: यशवंत तलाव, बोटिंग आणि आईचे गुडघे

केळीचं_पान
राम राम मंडळी. नाताळच्या सुट्टीत सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचं घाटतंय. निघणार फैजपूरहून, स्वतःच्या गाडीने. मी, नवरा, दोन पोरं (एक नऊ वर्षांचा, एक पाचची) आणि आई. आईचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण "तू घरी थांब" म्हटलं की दोन दिवस अबोला. पोरांना यशवंत तलावात बोटीत बसायचंय, आईला पाण्याच्या काठाने सावकाश चालायचंय, नवऱ्याला चहा वेळेवर मिळाला की जग जिंकलं.

विचारायचं एवढंच: सकाळी जाऊन रात्री परत येणं जमेल का? तलावाकाठी म्हाताऱ्या माणसाला चालता येईल असं आहे का? बोटी त्या दिवसांत चालू असतात का? घाट कसा आहे? व्हिडिओ बघितले, पण त्यात सगळे ढगांत हात पसरून उभे. रस्ता कुणी दाखवत नाही.

धुळेकर_दादा
ताई, एका दिवसात अजिबात नको. फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. ट्रक, उसाच्या आणि केळीच्या गाड्या, मधे गावं. शहाद्यापर्यंतच अर्धा दिवस गेला समजा. पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. शहादा ते तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर, पण मैदानातले ५५ आणि हे ५५ यांची बरोबरी करू नका. वळणं जवळजवळ आहेत. पोरं मागच्या सीटवर मोबाईल बघत बसली तर हमखास उलट्या होणार. मोबाईल काढून घ्या, खिडकी उघडी ठेवा, आणि घाटाआधी पोटभर जेवण नको.

असल्या प्रवासानंतर तलावावर पोचणार दुपारी दोनला, आणि चारला परतीची घाई. मग तलाव कधी बघणार? मुक्काम करा. डिझेल-पेट्रोल शहाद्यालाच भरा, रोख पैसे जवळ ठेवा. वर रेंजचा भरवसा धरू नका.

गिरणाकाठ
आते इतलं लांब कसाले जातस ताई? आपलं पद्मालय काय वाईट शे? एरंडोलहून जवळ, तळ्यात कमळं, डाव्या-उजव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी शेजारी. आईचं देवदर्शन होईल, पोरं मोठी घंटा बघतील, संध्याकाळी घरी. पाणीच बघायचं तर जळगावात मेहरूण तलाव आहे, सकाळी अर्धं जळगाव तिथे चालत असतं. डिझेल कशाला जाळायचं?

केळीचं_पान
@गिरणाकाठ भाऊ, पद्मालय माझ्या सासूबाईंच्या नवसाचं, दर वर्षी होतं. मेहरूणला माझी बहीण राहते, तिच्याकडे गेलो की तलावाऐवजी तिच्या सोसायटीच्या भांडणांभोवतीच फेरी होते. यंदा डोंगर हवाय.

पातोडी
खाण्याचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. वर हॉटेलं मोजकी, आणि रात्री उशिरा गेलात तर चूल विझलेली. उतरल्या उतरल्या जेवणाची ऑर्डर सांगून ठेवा, मग तलावावर जा. परत याल तेव्हा भाकरी गरम मिळेल.

घरून नेण्यासारखं: कळण्याच्या भाकरी (पहिल्या दिवशीच संपवा), दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. दशमी दुधात भिजवलेली असते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आईंना चावायला सोपी. भरीत नेऊ नका, दमट डब्यात आंबतं. शेवभाजी खायचीच असेल तर शहाद्याला खाऊन घ्या. वर जाऊन "आमच्यासारखी नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

सातपुडा_पायथा
मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे, तोरणमाळला सतत जाणं-येणं असतं. मुद्द्याचं सांगतो.

तलाव गावाला लागूनच आहे, त्यामुळे गाडीतून उतरून आईंना फार चालावं लागणार नाही. रस्त्याच्या अंगाने जमीन सपाट आहे, तिथे त्या आरामात चालतील. तलावाला पूर्ण वेढा घालायचा हट्ट धरू नका. रस्ता सुटला की पायवाट लागते, दगड आणि गवत, डिसेंबरात सकाळी दवाने निसरडी. पोरं आणि त्यांचे बाबा पुढे जातील, आईंनी अलीकडेच बसावं. हातात काठी असू द्या, पायात मागून बंद असलेले बूट. चपलेने पाय सरकतो.

वेळ म्हणाल तर दोन. एक सकाळी ऊन वर यायच्या आधी. थंडीत पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून तलावावरून वाफ निघताना दिसते. ऊन पाण्यावर पडलं की अर्ध्या-पाऊण तासात ती विरते. हॉटेलात "चहा आला की निघू" म्हणणाऱ्यांना ती कधीच दिसत नाही. (तुमच्या मिस्टरांना थर्मास द्या.) दुसरी वेळ चारनंतर. मधली दुपार सीताखाईला (खोल दरी आहे), मच्छिंद्रनाथांच्या गुंफेला, नाहीतर चक्क झोपायला.

बोटी: त्या दिवसांत साधारण चालू असतात, पण त्या एखाद्या मोठ्या शहरातल्या क्लबसारख्या वेळापत्रकावर चालत नाहीत. वारा सुटला, धुकं उतरलं, माणूस बाजाराला गेला, तर थांबतात. म्हणूनही मुक्काम हवा. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसरी सकाळ हाताशी राहते.

आणि एक विनंती. तलावाकाठी गुरं पाण्यावर येतात, बाया-पोरं येतात. फोटो काढण्याआधी विचारा. पावरा आदिवासी बायकांच्या चांदीच्या दागिन्यांवर कॅमेरा रोखून उभे राहणारे पाहुणे आम्ही रोज बघतो. तुमच्या अंगणात येऊन कुणी असं केलं तर तुम्ही काय कराल?

मु_पो_पिंपरी
मी मूळचा शिंदखेड्याचा, आता पुण्यात. तोरणमाळ हे महाबळेश्वरनंतरचं थंड हवेचं ठिकाण म्हणतात, पण सोयी बघा! तिथे स्पीडबोट, काठाने काँक्रीटचा जॉगिंग ट्रॅक, पाण्यावर तरंगतं रेस्टॉरंट, लायटिंग असं काही केलं तर आख्खा गुजरात येईल. रोजगार मिळेल लोकांना. आपली माणसं मागे राहतात ती याचमुळे.

सातपुडा_पायथा
@मु_पो_पिंपरी दादा, रोजगार हवाच आहे, त्यावर वाद नाही. दिवाळी झाली की आमच्याकडची किती कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर असतात ते तुम्हाला पुण्यातून दिसणार नाही. पण स्पीडबोटीचा पैसा कुणाकडे जाईल? बोट घेणारा बाहेरचा, चालवणारा बाहेरचा, रेस्टॉरंटचा आचारी बाहेरचा, आणि आमचा पोरगा पार्किंगची शिट्टी फुंकणार. त्यापेक्षा वल्ह्याच्या बोटी वाढवा, गावातल्या पोरांना जीवरक्षकाचं शिक्षण द्या, सीताखाईला नेणारे वाटाडे तयार करा, घरात दोन खोल्या काढून पाहुण्यांना जेवायला द्या. दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ कुणाला नको?

आणि स्पीडबोटीच्या लाटांनी काठ ढासळतो, तेल पाण्यात जातं. डोंगरमाथ्यावरचं पाणी आहे हे, वरून दुसरी नदी येऊन भरणार नाही. पावसाचं जे साठलं तेच वर्षभर.

मु_पो_पिंपरी
पार्किंगच्या शिट्टीचं पटलं. ट्रॅकचं नाही पटलं. म्हाताऱ्यांना चालायला सपाट जागा नको का? ताईंच्या आईचाच विषय चाललाय ना?

सातपुडा_पायथा
गावाच्या बाजूला थोडा मुरमाचा रस्ता, बसायला चार बाक, एवढं केलं तर मीही पुढे होऊन हात लावेन. सगळा काठ बांधून काढायला विरोध आहे.

पोहणारी_मावशी
भुसावळकडची मी. तापीत पोहायला शिकले, आता मुलींना शिकवते. धाग्यात बोट आली आणि लाइफ जॅकेटचा उल्लेख नाही, म्हणून कान पकडायला आले.

केळीचं_पान, नीट ऐक गं. जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नाही. बोटवाला पोराच्या गळ्यात मोठ्या माणसाचं जॅकेट अडकवतो आणि "चला" म्हणतो. पाच वर्षांची पोर पाण्यात पडली तर ते जॅकेट वर तरंगेल आणि पोर त्यातून खाली सुटेल. बघायचं कसं: सगळे पट्टे आवळ, मग जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचल. जॅकेट पोरीच्या कानांपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, दुसरं माग. लहानांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावलाच पाहिजे. बकल तुटलेलं, आतला फोम दबून चपटा झालेला, शिवण उसवलेली, असं काही दिसलं तर ते परत कर. लहान मापाचं मिळालं नाही तर धाकटीला बोटीत नेऊ नकोस. रडली तर रडू दे, काठावर तिला भेळ दे.

बसताना: एका वेळी एकानेच चढायचं. पाय बोटीच्या मधोमध, खाली वाकून, हाताने बोटीची कड धरून. उभं राहून सेल्फी काढणारा माणूस सगळ्या बोटीला घेऊन जातो. वजन दोन्ही बाजूंना सारखं असू द्या, पोरं एका बाजूला आणि जाडजूड बाबा दुसऱ्या बाजूला असं नको.

पायडल बोट घेतलीत तर निघताना वारा तोंडावर येईल अशा दिशेने जा. दमलात की वाराच पाठीमागून काठाकडे ढकलेल. लोक नेमकं उलटं करतात: वाऱ्याबरोबर मजेत लांब जातात आणि परतताना पाय भरून येतात, पोरं रडायला लागतात, बोट तिथल्या तिथे.

दारू प्यालेल्या टोळक्याच्या बोटीजवळ जाऊ नका. आणि पोहायला येतं म्हणून तलावात उतरू नका. थंड पाण्यात अचानक उतरलं की श्वास अडकतो, चांगल्या पोहणाऱ्याचाही. शिवाय तळाचा अंदाज नसतो.

गिरणाकाठ
मावशी, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून प्रत्येक तलावावर लावा. आमच्याकडे एका धरणावर बघितलंय, जॅकेटं खुंटीला टांगलेली आणि बोटीत बारा माणसं. विचारलं तर म्हणे, "ती फोटोपुरती आहेत."

टिबुकली
पक्षी बघणारे कुणी आहे का इथे? तोरणमाळला दुर्बीण न्या. पाण्याच्या कडेला खंड्या, टिबुकली, पाणकावळा सहज दिसतील. टिबुकली पोरांना फार आवडते. छोटीशी, तपकिरी, बघता बघता बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी वर येते. "आता कुठे निघेल?" हा खेळ अर्धा तास चालतो, फुकटात.

पण थव्याने पाहुणी बदकं बघायची असतील तर ताई, तुमच्या घराजवळ हतनूर आहे. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात त्याच्या खाली धरण, ४१ दरवाज्यांचं. पूर्णा गाळ फार आणते, त्यामुळे फुगवट्यात पाणी बरंच उथळ झालंय. माणसांच्या दृष्टीने तो तोटा, कारण साठा घटला. बदकांना मात्र उथळ पाणी आणि पाणवनस्पती म्हणजे ताटात वाढलेलं. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे येतात. तिथे बोटीत बसून थव्यात घुसायचं नसतं. काठावर बसायचं, गप्प. चांगदेवचं देऊळही त्याच बाजूला, आईंना चालेल.

केळीचं_पान
हतनूर इतकं जवळ असून मी फक्त पुराच्या बातमीत ऐकलंय, "इतके दरवाजे उघडले." जानेवारीत नक्की. मावशी, जॅकेटचं लिहून घेतलं. धाकटीच्या मापाचं जॅकेट आपणच विकत घेऊन जाऊ का?

पोहणारी_मावशी
घे की. पोहायच्या तलावासाठीही उपयोगी पडेल. फक्त हवा भरायच्या फुग्यासारख्या बाह्या मिळतात त्या घेऊ नकोस, ती खेळणी आहेत. फोमचं घे, आणि त्यावर किती किलो वजनासाठी आहे ते छापलेलं असतं ते वाच.

धुळेकर_दादा
कमळांचं कुणी सांगितलं नाही. तोरणमाळला यशवंत तलावाखेरीज कमळ तलावही आहे. पण फुलांचा बहर पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. डिसेंबरात पानंच जास्त दिसतील, आधीच सांगतो, नाहीतर आई म्हणतील "फोटोत तर गुलाबी होतं". पावसाळ्यात सगळं हिरवंगार, सीताखाईत पाणी कोसळतं, पण धुकं असं की तलावाच्या काठावर उभं राहून तलाव कुठाय विचारावं लागतं. घाटात दरडीही येतात. म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही निवडलेला महिना बरोबर आहे.

राहण्याचं: एमटीडीसी आणि वन खात्याचं विश्रामगृह, दोन्हीकडे आधी चौकशी करून, नाव नोंदवून जा. नाताळात ऐनवेळी खोली मिळत नाही. तळमजला मागा. पांघरुणं स्वतःची न्या. जळगावच्या थंडीच्या हिशेबाने स्वेटर भरलेत तर रात्री कुडकुडाल.

पातोडी
आणि येताना आमचूर आणा! धडगाव भागात कैऱ्या कापून उन्हात वाळवतात, सगळा उन्हाळा घरोघरी तेच काम. दुकानातल्या पावडरीला तो वास नाही. फोडी आणा, घरी कुटा. डाळगंडोरीत घातला तर काय लागतो!

सातपुडा_पायथा
आणा, पण घासाघीस करू नका. फोडी पाडणाऱ्या बाईच्या हाताला कैरीचा चीक लागतो, सालं निघतात. व्यापारी आधीच भाव पाडून नेतात. आपल्याकडे येऊन पाहुण्यानेही पाडायचा का?

मु_पो_पिंपरी
माझ्यासाठी किलोभर. पुण्याला कुणी येणार असेल तर कळवा. विषय सोडून बोलतोय, माफी.

टिबुकली
अजून एक. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. तलावाला डोंगरांचा वेढा आहे, एका टोकाला वाजलं की दुसऱ्या टोकाला शब्द न् शब्द ऐकू येतो. मागे एका टोळक्याने गणपतीची मिरवणूकच काढली होती तिथे, पक्षी सोडा, गुरंसुद्धा पाणी न पिता वळली. वेफरची पाकिटं पाण्यात टाकणाऱ्यांबद्दल लिहायला गेले तर संपादक पोस्ट उडवतील.

संपादक
उडवणार नाही, पण शिव्या टाळा. धागा चांगला चाललाय.

केळीचं_पान
घरात बैठक झाली. ठरलं ते असं: दोन रात्री मुक्काम. पहिल्या दिवशी चोपड्याच्या आधी अडावदला वळून उनपदेवचे गरम झरे, आईच्या गुडघ्यांसाठी (तिची श्रद्धा, माझा नाइलाज). मग शहाद्याला जेवण, घाट दिवसाउजेडी चढायचा. त्या संध्याकाळी फक्त काठावर बसायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे थर्मास घेऊन तलाव, नऊनंतर बोट. धाकटीच्या मापाचं जॅकेट ऑनलाइन मागवलंय, घालून पलंगावरून उड्या मारून झाल्या. तिसऱ्या दिवशी उतरून प्रकाशा गावात केदारेश्वराचं देऊळ, मग घर.

नवरा म्हणतो बोटीत तो बसणार नाही, काठावरून व्हिडिओ काढेल. लग्नाला बारा वर्षं झाली, आज कळलं की त्याला पाण्याची भीती वाटते.

पोहणारी_मावशी
बसवू नकोस जबरदस्तीने. घाबरलेला माणूस बोटीत एकदम उठून उभा राहतो. भुसावळला पाठव, उन्हाळ्यात शिकवते. पुरुषांची बॅच सकाळी सहाला.

धुळेकर_दादा
प्रकाशाला थांबताय तर संगमावर घाटाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, आईंना हाताला धरून न्या. आणि तुमच्या तारखा दत्तजयंतीच्या आगेमागे येत असतील तर सारंगखेड्याची यात्रा असते, घोड्यांचा बाजार. शहाद्याकडून दोंडाईचाकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत तुंबतो. तुम्ही चोपड्यावरून येताय म्हणून वाचाल. पोरांना घोडे दाखवायचे असतील तर मात्र मुद्दाम तुंबा.

सातपुडा_पायथा
ताई, पोचलात की तलावाजवळ चहाच्या टपरीवर सीताखाईचा वाटाड्या विचारा. गावातली पोरं येतात, पैसे आधी ठरवा आणि ठरले ते द्या. खाईच्या कडेला कठडा आहे असं गृहीत धरून पोरांचा हात सोडू नका. आईंना तिथे नेऊ नका, त्यांना तलावच पुरे. कुणी शिवरात्रीला जाणार असेल तर त्याने वेगळा धागा काढा. गोरखनाथांच्या यात्रेला तीन राज्यांतून माणसं येतात, तेव्हाचे नियम वेगळे.

गिरणाकाठ
सगळं ठरलं म्हणजे. मग पद्मालयले कधी?

केळीचं_पान
चतुर्थीला, भाऊ. अंगारकी सोडून. त्या दिवशी देव दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात.